प्राणवायूची शिल्लक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रांविषयी आणि खडकांविषयी बोलावे, याचे आपणापैकी काहींना नवल वाटेल. या विषयाकडे मी वळलो तो एका युक्तिवादामुळे. हवामानबदलाचा प्रश्न घेऊन लोकांपुढे जाणाऱ्या कार्यकर्त्यांना हा युक्तिवाद हमखास ऐकावा लागतो. पृथ्वीचे हवामान नेहमीच बदलत आले आहे. ती कधी गोठली, कधी तापली. त्या उलथापालथींतूनच जीवसृष्टी साध्या जीवाणूपासून माणसापर्यंत पोहोचली. मग आजच्या बदलाचा एवढा बाऊ कशासाठी? असा तो युक्तिवाद आहे. तो करणारे पुष्कळदा सुशिक्षित असतात आणि त्यांच्या बोलण्यातील पहिली दोन विधाने खरीही असतात. आपण त्यावर उत्तर देतो ते एवढेच की, आजचा बदल माणसाने घडविलेला आहे. ते सत्य आहे, परंतु ते या युक्तिवादाचे उत्तर नव्हे. इतिहासाचा दाखला देऊन केलेल्या युक्तिवादाचे उत्तर इतिहासातूनच द्यावे लागते.

याच युक्तिवादाचा एक जुळा भाऊ आपल्याही वर्तुळात वावरतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जुन्याचा संपूर्ण विध्वंस झाल्याखेरीज नव्याचा जन्म होत नाही, निसर्गही हेच शिकवतो, असे आवेशाने सांगणारे मित्र मला अनेकदा भेटले आहेत. निसर्ग खरोखर काय सांगतो ते पाहू. त्याने मानवी समाजासाठी कोणताही जाहीरनामा लिहून ठेवलेला नाही, ही सावधगिरी बाळगूनच पाहू.

प्रथम काळाचे प्रमाण लक्षात घ्यावे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. एवढी मोठी संख्या मनात ठरत नाही, म्हणून आपल्या वाडवडिलांच्या व्यवहारातला सोळा आण्यांचा रुपया घेऊ. पृथ्वीचे सारे आयुष्य म्हणजे एक रुपया. त्यातले पहिले चार आणे सरतात न सरतात तोच जीवसृष्टीचे भरवशाचे पुरावे मिळू लागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिल्बारा प्रदेशात सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले स्ट्रोमॅटोलाइट नावाचे खडक आहेत. ते सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हवेत प्राणवायू टिकून राहू लागतो तो साडेसात आणे खर्ची पडल्यानंतर. आणि डोळ्यांना दिसणारे, अनेक पेशींचे, हालचाल करणारे प्राणी येतात ते शेवटच्या दोन आण्यांत. आपली मनुष्यजाती तर एका पैच्या शंभराव्या भागाहून फारशी मोठी नाही. म्हणजे जीव लवकर जन्मला. तो गुंतागुंतीचा मात्र अतिशय उशिरा झाला. एवढा उशीर का लागला, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

आरंभीच्या वातावरणात प्राणवायू जवळजवळ नव्हता. या मुद्द्याशी आपल्या परिचयाचे एक नाव निगडित आहे. सोव्हिएत रशियातील ओपारिन यांनी १९२४ साली आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ साली, एकमेकांच्या लेखनाशी संबंध नसताना, असे प्रतिपादन केले की जीवनिर्मितीला पोषक अशी आद्य पृथ्वी प्राणवायूविरहित असली पाहिजे. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात स्थायिक झाले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांच्या वेळी जे अनुमान होते, त्याला आज खडकांची साक्ष मिळाली आहे. लोह आणि गंधक यांचे पायराइट नावाचे खनिज प्राणवायूच्या संपर्कात फार काळ टिकत नाही. आजच्या नद्यांच्या वाळूत ते झिजून, गंजून नाहीसे होते. परंतु दक्षिण आफ्रिकेतील अतिप्राचीन नद्यांच्या गाळात पाण्याने गोल घासलेले पायराइटचे खडे तसेच्या तसे सापडतात. ज्या हवेखाली त्या नद्या वाहत होत्या, त्या हवेत त्यांना गंजवण्याजोगा प्राणवायू नव्हता, हाच याचा अर्थ होतो. पुढे २००० साली गंधकाच्या समस्थानिकांच्या अभ्यासातून याहून सूक्ष्म पुरावा हाती आला आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू स्थिरावू लागला, हे बहुतेकांना मान्य झाले.

हा प्राणवायू आला कोठून? तो जीवांनीच निर्माण केला. नीलहरित शैवाल या नावाने ज्यांना आपण ओळखतो ते वस्तुतः जीवाणू. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून त्यातून अन्न तयार करण्याची क्रिया त्यांना साधली. या क्रियेत प्राणवायू बाहेर पडतो, आणि त्या जीवाणूंच्या दृष्टीने तो केवळ उत्सर्ग होता. पाणी आणि ऊन यांचा तुटवडा नसल्यामुळे ते सर्वत्र पसरले. तथापि त्यांचा प्राणवायू लगेच हवेत साठला नाही. समुद्रात विरघळलेले लोह आणि ज्वालामुखींतून निघणारे वायू त्याला गिळून टाकीत. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गातील रेडीच्या खाणी, गडचिरोलीतील सूरजागड, बस्तरमधील बैलाडिला येथील लोहखनिज ज्या पट्टेदार खडकांतून मिळते, तो प्रकार त्या प्राचीन समुद्रांच्या तळाशी बसलेल्या गाळाचा आहे. काही ठिकाणी प्राणवायूमुळे, तर काही ठिकाणी सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या वेगळ्या जीवाणूंमुळे लोह गंजले असावे, असा त्याबाबत मतभेद आहे. जगातील असे बहुतेक मोठे थर १८० कोटी वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने आहेत. ज्या खाणींच्या मालकीवरून आणि विस्थापनावरून आपण आंदोलने केली, त्यांतील खनिज हे प्राणवायूच्या जन्मकाळाचे दप्तर आहे.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असा एक हिशेब उभा राहतो, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची गुरुकिल्ली त्यात आहे. वनस्पती किंवा शैवाल जेव्हा अन्न बनवते तेव्हा कार्बन तिच्या देहात जमा होतो आणि तेवढ्याच प्रमाणात प्राणवायू हवेत जातो. ती मेली आणि कुजली की उलट व्यवहार होतो: प्राणवायू परत खर्ची पडतो, कार्बन हवेत जातो आणि जमाखर्च शून्यावर येतो. कितीही हिरवे जंगल असले तरी ते जेवढे निर्माण करते तेवढेच जवळजवळ वापरूनही टाकते. शिल्लक उरते केव्हा? मृत देहांतील कार्बनाचा काही अंश कुजण्याआधीच गाळाखाली गाडला गेला, तरच. हा अंश अतिशय अल्प असतो. हजारात एखादा भाग म्हटले तरी चालेल. परंतु तो कोट्यवधी वर्षे साठत गेला. आज हवेत शेकडा २१ भाग प्राणवायू आहे. ती भूगर्भात पुरलेल्या, पुन्हा न काढलेल्या कार्बनाच्या ठेवीची दुसरी बाजू आहे. आपण ज्याला निसर्गाची देणगी म्हणतो ते वस्तुतः असंख्य पिढ्यांचे संचित आहे. कोणा एका जीवजातीने ते कमावलेले नाही.

आता आपल्या प्रतिवाद्याच्या आवडत्या उदाहरणाकडे येऊ. नीलहरित जीवाणूंनीही वातावरण दूषितच केले ना, असे तो म्हणेल. प्राणवायूची सवय नसलेल्या जीवांना तो विषासमान होता. हवेतील मिथेन त्याने नष्ट केला आणि त्यामुळे मोठे हिमयुग ओढवले असावे, असाही एक प्रबळ अंदाज आहे. त्या प्रदूषणातून पुढे आपण जन्मलो, मग आजच्या प्रदूषणातूनही काही श्रेष्ठ जन्माला येईल! या म्हणण्यात एक चलाखी आहे आणि आर्थिक धोरणांच्या चर्चेतही ती आपल्याला वारंवार भेटते. तोटा कोणी सोसला आणि नफा कोणाच्या पदरात पडला, हे दोन प्रश्न त्यात एकत्र कालवून टाकलेले असतात. प्राणवायूने ज्यांचा घात केला त्या जीवांना चिखलात, दलदलीत आणि पुढे प्राण्यांच्या आतड्यांत आश्रय शोधावा लागला. आणि प्राणवायूचा लाभ घेणारे प्राणी अवतरले ते त्यानंतर सुमारे १८० कोटी वर्षांनी. धरणग्रस्ताला त्याच्या शंभराव्या पिढीच्या भरभराटीचे आश्वासन द्यावे, त्यातलाच हा प्रकार. तो काळ तर शंभर पिढ्यांचाही नव्हे. त्याला पिढ्यांचे मोजमाप लागूच पडत नाही.

या १८० कोटी वर्षांतील मधल्या मोठ्या कालखंडाला भूशास्त्रज्ञांनी थट्टेने 'कंटाळवाणी शंभर कोटी वर्षे' असे नाव दिले आहे. हवामान बरेचसे स्थिर, प्राणवायू अल्प, समुद्राचा खोल भाग प्राणवायूविना, आणि फॉस्फरससारख्या पोषकद्रव्यांचीही बहुधा टंचाई. वरवर पाहता काहीच घडत नव्हते. परंतु गुंतागुंतीच्या जीवनाचा पाया घालण्याचे बरेचसे काम याच नीरस वाटणाऱ्या काळाच्या आगेमागे झाले.

आपल्या शरीरातील पेशी जीवाणूच्या पेशीहून वेगळी असते. तिच्यात केंद्रक असते आणि प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा काढणारी तंतुकणिका नावाची इंद्रियके असतात. या तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जीवाणू होत्या आणि दुसऱ्या एका पेशीत शिरून तेथेच वस्तीला राहिल्या, हा सिद्धांत लिन मार्गुलिस या अमेरिकन संशोधिकेने १९६७ साली सविस्तर मांडला. छापला जाण्यापूर्वी तो निबंध पंधराएक नियतकालिकांकडून परत आला होता. या तंतुकणिकांत त्यांचा स्वतःचा, जीवाणूंशी जुळणारा जनुकसंच आजही सापडतो. त्यामुळे तो सिद्धांत आता पाठ्यपुस्तकांत आहे. त्यांना आसरा देणारी पेशी कोणत्या कुळातील होती, याचा धागा २०१५ साली उत्तर अटलांटिकच्या तळावरील गाळात सापडला. त्या कुळातील एक जीव जपानमधील संशोधकांनी बारा वर्षे चिकाटीने प्रयोगशाळेत वाढविला आणि २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जीव एकटा जगत नाही. आपल्या शेजारच्या सूक्ष्मजीवांशी देवाणघेवाण करूनच तो तग धरतो.

क्रपॉटकिन यांनी १९०२ साली 'परस्परसाहाय्य' या ग्रंथात, जीवनकलह हाच उत्क्रांतीचा एकमेव नियम मानणाऱ्यांना उत्तर दिले होते. त्या वेळी त्यांना पेशीच्या आत दडलेला हा सहवास ठाऊक नव्हता. म्हणून मार्गुलिस यांच्या सिद्धांताने समाजवाद सिद्ध झाला, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि आपणही म्हणू नये. पेशींच्या या सहवासात शोषण किती आणि सहकार्य किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालीत आहेत. तथापि 'बळी तो कान पिळी' हाच सृष्टीचा नियम आहे, असे सांगून बाजारातील बेबंदशाहीचे समर्थन करणाऱ्यांना एवढे निश्चित विचारता येईल की, तुमच्या देहातील प्रत्येक श्वास ज्या इंद्रियकावर चालतो, त्याच्या इतिहासात तुमचा नियम कोठे बसतो?

तंतुकणिकेचे मोल ऊर्जेच्या हिशेबात कळते. प्राणवायूविना साखर आंबवून पेशीला जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या सुमारे पंधरापट ऊर्जा तीच साखर प्राणवायूच्या साहाय्याने जाळून मिळते. एवढे उत्पन्न वाढल्यावरच मोठा देह, स्नायू, मज्जासंस्था आणि एकाने दुसऱ्याला खाण्याची लांबलचक साखळी परवडू शकते.

या जडणघडणीचे पुरावे भारतातही आहेत. विंध्य पर्वतातील गाळाच्या खडकांचे वय हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. २००२ सालच्या कालमापनांनी त्यांचे खालचे थर सुमारे १६० कोटी वर्षांचे ठरविले. त्याच थरांत, चित्रकूट येथे, तांबड्या शैवालासारख्या दिसणाऱ्या वनस्पतींचे जीवाश्म २०१७ साली वर्णिले गेले. ते खरोखर तांबडे शैवाल असतील तर बहुपेशीय जीवन आपण समजत होतो त्याहून पुष्कळ जुने ठरते. काही तज्ज्ञ त्याबाबत अद्याप साशंक आहेत. साशंकता का हवी, याचा धडाही मध्य प्रदेशातच मिळाला. भीमबेटका येथील गुंफेच्या छतावर एका प्राचीन प्राण्याचा ठसा सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. २०२३ साली दुसऱ्या संशोधकांनी तेथे जाऊन पाहिले, तेव्हा तो ठसा गळून चाललेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा निघाला. मूळ संशोधकांनीही ते मान्य केले. पुरावा समोर आल्यावर मत बदलण्याची ही शिस्त राजकीय चळवळींनीही घ्यावी अशी आहे.

आता त्या उलथापालथीकडे वळू, जिच्यावर 'विध्वंसातून नवनिर्मिती' म्हणणाऱ्यांची सारी भिस्त असते. सुमारे ७१.७ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी गोठली आणि तब्बल साडेपाच कोटी वर्षे गोठलेली राहिली. थोड्या उसंतीनंतर ती पुन्हा गोठली आणि ६३.५ कोटी वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या हिमकाळाचा अंत झाला. विषुववृत्ताजवळही हिमनद्या होत्या, हे ब्रायन हारलँड यांनी १९६४ साली सुचविले. जोसेफ कर्शविंक यांनी १९९२ साली या अवस्थेला 'हिमगोल पृथ्वी' हे नाव दिले. आणि १९९८ साली पॉल हॉफमन यांच्या गटाने नामिबियातील खडकांवरून ही कल्पना जोरकसपणे मांडली. हिमाचल आणि उत्तराखंडमधील ब्लैनी नावाच्या थरांतही त्या हिमकाळाचे गोटेमिश्रित गाळ आणि त्यांवरचा गुलाबी डोलोमाइट पाहावयास मिळतो. सारे गोठले तरी ज्वालामुखी थांबले नाहीत. त्यांचा कार्बन डायऑक्साइड हवेत साठत गेला. बर्फाखालच्या खडकांना तो शोषून घेता येईना. अखेर उष्णता इतकी वाढली की बर्फ वितळून गेले.

या हिमकाळांनंतर प्राणी अवतरले, हे खरे आहे. कॅनडातील न्यूफाउंडलँड येथे सुमारे ५७.५ कोटी वर्षांपूर्वीचे मोठ्या आकाराचे जीवाश्म मिळतात. रशियातील श्वेत समुद्राकाठच्या तशाच एका जीवाश्मात २०१८ साली कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडले आणि तो प्राणीच होता हे स्पष्ट झाले. मग ५३.९ कोटी वर्षांपूर्वी कॅम्ब्रियन कालखंड सुरू होतो, आणि चीनच्या युनान प्रांतातील ५१.८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत डोळे, पाय, जबडे, कवचे असलेल्या प्राण्यांची गर्दी दिसते. परंतु हिमकाळाने हे प्राणी निर्माण केले काय? येथे कार्यकारणाचा क्रम नीट तपासला पाहिजे. केंद्रकयुक्त पेशी त्याआधी कित्येक कोटी वर्षे तयार होती. कॅनडातच सापडलेले निःसंशय तांबडे शैवाल १०५ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे पेशींची श्रमविभागणीही तयार होती. हिमनद्यांनी डोंगर दळून काढले आणि वितळताना त्यांतील फॉस्फरस समुद्रात नेला असावा. दोन हिमकाळांच्या मधल्या उसंतीत जीवाणूंची मक्तेदारी मोडून शैवालांची भरभराट झाली, हे ऑस्ट्रेलियातील खडकांत उरलेल्या मेदद्रव्यांच्या अभ्यासातून २०१७ साली दाखविले गेले. सुपर फॉस्फेटचे मोल जाणणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. परंतु त्याला हेही ठाऊक असते की, पेरलेलेच नसेल तर खताने काही उगवत नाही.

प्राणवायूचेही तेच. ८० ते ५४ कोटी वर्षांच्या दरम्यान तो पुन्हा वाढला. एका झेपेत नव्हे, अनेक चढउतारांनी. प्राण्यांच्या देहाला बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे प्रथिन प्राणवायूविना नीट बनत नाही, ही गोष्ट केनेथ टो यांनी १९७० साली निदर्शनास आणली. क जीवनसत्त्वाच्या अभावी खलाशांच्या हिरड्या सुजून दात हलू लागत, त्यामागे याच प्रथिनाच्या जडणघडणीतील बिघाड असतो. म्हणून प्राणवायू आवश्यक होता यात शंका नाही. परंतु किती? डेन्मार्कच्या खाडीतील साधे स्पंज आजच्या प्राणवायूच्या शेकडा चार भागांहून कमी प्रमाणातही जगू शकतात, असे २०१४ साली प्रयोगाने दिसून आले. तेव्हा पहिले, साधे प्राणी अल्प प्राणवायूतही निभावून नेऊ शकले असते; धावणारे, शिकार करणारे, मोठ्या देहाचे प्राणी नव्हे. अर्थशास्त्रात आपण आवश्यक अट आणि पुरेशी अट यांत भेद करतो. पर्यावरणातील बदलाने परवानगी दिली. काम केले ते आधी हळूहळू जमलेल्या साधनांनी. ही साधने ज्या काळात जमली तो काळ बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणा दिसतो. विध्वंसाला निर्माता मानणाऱ्या आपल्या मित्रांनी याचा शांतपणे विचार करावा.

आणि ज्या उलथापालथींनी केवळ संहार केला, त्यांचे काय? सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात लाव्ह्याचे प्रचंड लोट उसळले. तप्त रसाने भूगर्भातील कोळसा आणि चुनखडीचे थर भाजून काढले, कार्बन हवेत गेला, समुद्र तापला, आम्लधर्मी झाला आणि त्यातील प्राणवायू घटला. समुद्रातील दर दहा जातींपैकी आठ ते नऊ जाती नष्ट झाल्या. जीवसृष्टीची घडी पुन्हा बसण्यास पन्नास लाख ते एक कोटी वर्षे लागली. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अशाच उद्रेकाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातच मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर लघुग्रह आदळला आणि डायनोसॉरांचे राज्य संपले. त्यानंतर सस्तन प्राण्यांना वाव मिळाला, हे खरे. परंतु ते सस्तन प्राणी आधीच अस्तित्वात होते, आणि डायनोसॉरांना त्या प्रगतीचे सुख लाभले नाही.

आता आजचा हिशेब. गाडलेल्या कार्बनाची जी ठेव मी सांगितली, तिचा फार मोठा भाग खडकांत विखुरलेला आहे. कोळसा आणि तेल हा तिचा एक छोटा, सहज खणता येणारा कोपरा. तो जाळल्याने आपण प्राणवायूला मुकणार, असे काही भाषणांत सांगितले जाते. ते बरोबर नाही, आणि चुकीच्या भीतीने खरी लढाई कमकुवत होते. हवेच्या दहा लाख भागांत प्राणवायूचे दोन लाख नऊ हजारांहून अधिक भाग आहेत, आणि तो दरवर्षी साधारण चार भागांनी घटतो आहे. एवढ्या मोठ्या राशीतून ही उचल नगण्य होय. परंतु खात्याची दुसरी बाजू पाहा. कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाखांत अवघे २८० भाग होता. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. तीच उचल एका खात्यात चिमूटभर आणि दुसऱ्या खात्यात मूळ रकमेच्या निम्मी! हवामान ज्या खात्यावर चालते ते हे दुसरे खाते आहे. कोट्यवधी वर्षांत पुरलेला कार्बन आपण दोन-अडीचशे वर्षांत उकरून काढीत आहोत. सैबेरियातील उद्रेकही याहून संथ गतीने कार्बन ओकत होते, असा बहुतेक तज्ज्ञांचा अंदाज आहे.

समुद्राचे चित्र याहून चिंताजनक आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि वरचे गरम पाणी खालच्या पाण्यात सहजी मिसळत नाही. १९६० नंतरच्या अर्धशतकात जगातील समुद्रांनी आपल्या प्राणवायूचा शेकडा दोनएक भाग गमावला, असे २०१७ सालच्या अभ्यासात आढळले. आपल्या अरबी समुद्राच्या मधल्या थरांत तर जगातील सर्वांत मोठ्या प्राणवायूहीन पट्ट्यांपैकी एक पट्टा निसर्गतःच आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ते खालचे पाणी कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळ वर येते. पावसाच्या गोड्या पाण्याचा थर त्यावर झाकण घालतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळालगतचे पाणी काही ठिकाणी प्राणवायूविना होऊन त्यात गंधकाचा दुर्गंधी वायू तयार होतो. ही स्थिती तीव्र होत असल्याचे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले. शेतांतून आणि शहरांतून वाहून येणारी खते व सांडपाणी यांचाही त्यात वाटा असावा, असे त्यांनी सुचविले.

गुंतागुंतीचे जीवन अवतरण्यापूर्वीच्या समुद्राची खूण अशी आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी काही आठवडे उमटते. जीवाणूंना त्याचे दुःख नाही. ते या पाण्यात सुखाने नांदतात. मासे तेथून पळतात किंवा मरतात, आणि त्यांच्यामागे ज्याची होडी रिकामी परत येते तो मच्छीमार कोठेही पळू शकत नाही. पृथ्वी टिकेल, जीवसृष्टीही टिकेल, असे आपला प्रतिवादी म्हणतो तेव्हा ते त्याला मान्य करून टाकावे. प्रश्न पृथ्वीच्या टिकण्याचा कधीच नव्हता. ज्या अटींवर गुंतागुंतीचे, नाजूक, पुष्कळ प्राणवायू आणि बेताचे तापमान मागणारे जीवन उभे आहे, त्या अटी कोण मोडतो आहे आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल होते आहे, हा तो प्रश्न आहे. त्यासाठी आपल्याजवळ कोट्यवधी वर्षांचा अवधी नाही. कोळशाच्या प्रत्येक नव्या खाणीच्या आणि सांडपाण्याच्या प्रत्येक नाल्याच्या संदर्भात तो जिल्ह्याजिल्ह्यांत, आकडेवारी हाती घेऊन, विचारला पाहिजे.